दोर जरा सैल ठेवावा

प्रेम हे वादळासारखं असतं. कुठून येतं कळत नाही, कधी येतं कळत नाही, आणि ते गेल्यावर मागे काय उभं राहील हे तर ब्रह्मदेवालाही सांगता येत नाही.

चेन्नईत मात्र वादळ कुठून येतंय ते आठवडाभर आधी कळतं. त्याला नाव असतं, नकाशा असतो, वेग असतो, आणि ते किनाऱ्याला लागण्यापूर्वीच दुकानातलं दूध, ब्रेड आणि मेणबत्त्या संपलेल्या असतात. तेव्हा ही तुलना इथेच सोडून देऊ आणि ऊर्मीच्या बाल्कनीकडे वळू. तिथे सप्टेंबरातल्या एका रविवारी सकाळी, कसलाही इशारा न देता, एक पाय दिसला.

ऊर्मी सोलापूरची. जॉर्ज टाउनमधल्या एका बँकेत बदली होऊन आलेली. टी. नगरच्या मागच्या गल्लीत, पहिल्या मजल्यावर भाड्याने राहायला लागून तिला जेमतेम पंधरवडा झाला होता. घर तिने दोन गोष्टी बघून घेतलं होतं. नळाला पाणी येतं ही एक, आणि बाल्कनीसमोर बकुळ आहे ही दुसरी. सोलापूरची माणसं सावली दिसली की तिच्याशी नातं लावतात. ऊर्मीनेही लावलं. रोज सकाळी ऑफिसला जाण्याआधी ती खाली उतरायची आणि बकुळीच्या बुंध्याशी बादलीभर पाणी ओतून, खोडावर थोपटून, मगच बसस्टॉपकडे पळायची.

आणि आज त्या बकुळीत एक पाय होता. पायात बूट होता, बुटाच्या वर पँट होती, आणि पानांतून पुढे आलेल्या हातात करवत होती.

"ए! थांब! स्टॉप! रुको!"

ऊर्मीच्या तीन भाषा इथे संपल्या. तमिळ तिला फक्त भाजीवाल्यापुरतं येत होतं. मग ती मनापासून मराठीत ओरडली, "मेल्या, सुट्टीच्या दिवशी सकाळी सकाळी झाड कापतोस होय रे? लाज नाही वाटत?"

झाडातून शांतपणे उत्तर आलं.

"बाईसाहेब, क्रोध आवरावा. झाड कापीत नाहीं. हलकें करितों."

ऊर्मीला घाम फुटला. एक तर झाड मराठी बोललं होतं. आणि तिच्यापेक्षा शुद्ध बोललं होतं.

पानं बाजूला झाली आणि शिडीवर उभा असलेला एक तरुण दिसला. कपाळावर सालीचा भुगा, डोळ्यांत किंचित हसू.

"तुम्ही… मराठी?"

"तंजावरचे. येऊन तीनशें वर्षें झालीं."

"मला पंधरा दिवस झाले."

"तर मग आपण नवीन," तो गंभीरपणे म्हणाला. "मी गिरीधर. खालीं राहतों, आत्यासह. लोकांच्या घरचीं झाडें पाहतों."

"पाहता की तोडता?"

"आंत फार दाटी झाली आहे. वादळांत वाऱ्याला आंतून जायला वाट नको का? वाट नसली तर वारा झाडासकट जातो." त्याने एक बारीक फांदी अलगद कापून खाली सोडली. "आंतलें सगळेंच साफ करून टोकाला तेवढीं पानें ठेवणारे लोक असतात. झाडाचा झाडू करितात ते. तसा मी नव्हे."

"अस्सं."

"आणि रोज बुंध्याशीं बादली कोण ओततं?"

"मी!" ऊर्मीने अभिमानाने सांगितलं.

"तें बंद करावें."

"का म्हणून? माया करते मी तिच्यावर!"

"माया फार होते. रोज वरच्यावर पाणी मिळालं तर मुळें खालीं कशाला जातील? तीं वरच बसून खातात. मग एक वादळ…" त्याने तळहात हळूच आडवा केला. "आठवड्यांतून एकदा पाणी द्यावें. पण सावकाश, भरपूर. आणि बुंध्याशीं नाहीं, तिची सावली जिथें संपते तिथें."

"सावली दिवसभर हलते."

"मध्यान्हीची धरावी."

"मध्यान्ही मी बँकेत असते."

"मी… असतों," तो म्हणाला, आणि आपण काहीतरी जास्त बोललो असं वाटून पुन्हा पानांत शिरला.

त्या दिवसापासून रविवार झाडाला पाण्याचा ठरला. गिरीधर पाइप आणायचा, ऊर्मी दुपारच्या सावलीची कड पायाने आखायची, आणि पाणी बारीक धारेनं तासन्‌तास मुरत राहायचं. पाणी मुरायला वेळ लागतो. तोवर दोन माणसांनी बोलायचं नाही तर काय करायचं?

"तुम्ही सगळ्यांच्या झाडांशी असंच बोलता का?"

"सगळ्यांच्या झाडांना असे प्रश्न विचारणारें कोणी नसतं."

ऊर्मीच्या मैत्रिणींना प्रेमात गुलाब मिळाले होते, चॉकलेटं मिळाली होती, एकीला तर कुत्र्याचं पिल्लू मिळालं होतं. ऊर्मीला पाचोळ्याचं पोतं मिळालं. गिरीधरने ते स्वतःच्या खांद्यावरून आणलं आणि तिच्यासमोर नव्या नवरीचा शालू उलगडावा तसं मोकळं केलं.

"उन्हांत मातीला पांघरूण लागतं. पण बुंध्याला चिकटवूं नये हो. एक वीत सोडावी."

दोघं गुडघ्यांवर बसून पाचोळा पसरू लागली. पानांखाली हाताला हात लागला. दोघंही थांबली. सोसायटीच्या पंपाचा आवाज तेवढा येत होता…

"गांडूळ आहे," गिरीधर म्हणाला.

"कुठे?"

"आतां गेलं."

ऊर्मीला पुढचा आठवडाभर बँकेतल्या एकाही आकड्यावर भरवसा ठेवता आला नाही.

ऑक्टोबरात पाऊस सुरू झाला. चेन्नईचा पाऊस वर्षाचं काम दोन महिन्यांत उरकतो आणि मग दहा महिने रजेवर जातो. एका छत्रीतून गल्ली ओलांडताना गिरीधर एका घरापुढे थांबला. तिथल्या झाडाला कुणीतरी कधीकाळी दिव्यांच्या माळेची तार गुंडाळली होती. ती आता खोडात रुतून दिसेनाशी झाली होती, आणि वरच्या फांद्या वाळल्या होत्या.

"झाड वाढतं, दोरी वाढत नाहीं," तो हळूच म्हणाला. "रोप असतांना आधाराला बांधावें. पुढें सोडावें. कोणतीही दोरी कायमची ठेवूं नये."

छत्रीत जागा थोडी होती, आवाज अगदी कानाशी होता. हे वाक्य ऊर्मीच्या मनात कोरलं गेलं. आणि तिथेच सगळा घोटाळा झाला.

नोव्हेंबरच्या एका रविवारी वादळाची बातमी आली. शहरभरच्या लोकांना आपापली झाडं एकदम आठवली, आणि गिरीधर भल्या पहाटे बाहेर पडला. ऊर्मी एकटीच खाली उतरली. बुंध्याला टेकलेला पाचोळा वीतभर मागे ओढता ओढता ती भिंतीच्या बाजूला पोचली, जिथे एरवी कोणी जात नसे. तिथे, छातीएवढ्या उंचीवर, खोडाभोवती एक पिवळा नायलॉनचा दोर होता. चांगला करकचून बांधलेला. सालीत रुतायला लागला होता.

ऊर्मी वर गेली, कात्री घेऊन आली, आणि तिने तो दोर कचकन कापला. गाठीपाशी काहीतरी बारीकसं, काळवंडलेलं लोंबत होतं. तेही हातात आलं. संध्याकाळी गिरीधरला कसं सांगायचं, तो कसा बघेल, कदाचित म्हणेल की… ती हसली.

तेवढ्यात मागे स्टीलचं पातेलं पडल्याचा आवाज झाला.

सकवारबाई उभ्या होत्या. गिरीधरची आत्या. नऊवारी नव्हे, पण नऊवारीच्या तोऱ्यात नेसलेली कांजीवरम, कपाळावर मोठं कुंकू, आणि चेहरा अगदी पांढरा.

"अय्यय्यो! काय केलीस गे हें!"

"दोरी कापली, आत्या. झाडाला रुतत होती."

"दोरी? अग, मंगळसूत्र होतं तें!"

"कुणाचं?"

"गिरीच्या बायकोचं!"

ऊर्मी पाचोळ्यावर बसली. तिने बसायचं ठरवलं नव्हतं.

"त्यांचं… लग्न झालंय?"

"नऊ वर्षें झालीं."

"आणि बायको… कुठे असते?"

सकवारबाईंनी बोट वर केलं. ऊर्मीने हात जोडले. "अरेरे. कशाने गेल्या?"

"जाते कशाला? ही काय, तुझ्यापुढें उभी आहे!"

ऊर्मीने वर पाहिलं. बकुळीने तिच्या केसांवर एक फूल टाकलं.

मग सकवारबाई पाचोळ्यावरच बसल्या आणि सगळं सांगून मोकळ्या झाल्या. गिरीच्या पत्रिकेत मंगळ. तोही असा तसा नव्हे, जोशांनी पत्रिका पाहून पाणी मागितलेलं. उपाय जुनाच होता: आधी केळीशी लग्न लावायचं आणि केळ तोडून टाकायची. मंगळाचा राग केळीवर निघतो, मग मुलगा मोकळा. मुहूर्त निघाला, आणि त्याच आठवड्यात मोठं वादळ आलं. मद्रासभर केळीचं एक झाड उभं राहिलं नाही. अंगणात उरलं होतं ते बांबूला बांधलेलं बकुळीचं रोप. जोशी म्हणाले, झाड ते झाड. वीस वर्षांच्या गिरीने लग्न लावलं, आणि आत्याने हातात कोयता दिला तेव्हा तो म्हणाला, "एवढ्या वादळांत ही एकटी उभी राहिली, आत्या. हिलाच कापूं?"

"तेव्हांपासून तसंच आहे," सकवारबाई म्हणाल्या. "झाड तोडल्याविना दुसरं लग्न नाहीं, असं जोशी म्हणतात. झाड तोडायचं नाहीं, असं हा म्हणतो. आम्ही बायका आडी महिन्यांत, तुमच्या आषाढ-श्रावणांत, मंगळसूत्राचा दोर बदलतों. हिचाही मीच बदलतें. दोरा पावसांत कुजतो म्हणून औंदा नायलॉन आणला. घट्ट बांधला. घसरूं नये म्हणून!"

संध्याकाळी गिरीधर परत आला तेव्हा ऊर्मी जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसली होती. हातात कापलेला दोर होता.

"मला सांगितलं का नाहीत?"

तो बुटांकडे पाहत म्हणाला, "काय सांगूं? 'नमस्कार, मी गिरीधर, ही माझी बायको, हिला रोज पाणी घालूं नका'?"

ऊर्मीला हसू आलं. तिने ते दाबलं. "आणि मला दोरीवर एवढं व्याख्यान दिलंत! स्वतःच्या झाडाचा दोर का नाही सैल केला?"

"दरवर्षीं करतों. आत्या बांधते, मी मागून सैल करतों." तो पुन्हा बुटांकडे वळला. "औंदा सैल करायच्या वेळीं तुम्ही बाल्कनींत होतां… तुमच्यासमोर… लाज वाटली."

ऊर्मीला सकाळपासून बसलेल्या धक्क्यांत हा सगळ्यात मोठा होता. आणि सगळ्यात गोडही. पण पुढे काय? झाड उभं असेतो हा माणूस सकवारबाईंच्या लेखी विवाहित होता, आणि आत्याचा शब्द मोडून लग्न करणाऱ्यांतला तो नव्हता. जिला जगवावं म्हणून तिने रोज बादली उचलली होती, तीच तिच्या आणि त्याच्या मध्ये उभी होती. थंडगार सावली देत.

दुसऱ्या दिवशी सोसायटीचे सेक्रेटरी अनंतकृष्णन यांनी पार्किंगमध्ये सगळ्यांना बोलावलं. अनंतकृष्णन निवृत्त झाल्यापासून इमारतीतली धोकादायक गोष्ट शोधत होते आणि आज ती सापडली होती.

"सायक्लोन येतंय. झाड बाल्कनीवर पडेल. उद्या सकाळी कापून टाकू," ते म्हणाले. "बाल्कनी या मॅडमची आहे. त्यांनी भीती वाटते म्हटलं की झालं. कापणारे तयार आहेत."

सगळे ऊर्मीकडे पाहू लागले. सकवारबाईंनी तिला खांबाआड ओढलं.

"वाटते म्हण," त्या कुजबुजल्या. "एकच शब्द गे. झाड जाईल, दोष जाईल. आणि मग तूं… मला काय दिसत नाहीं का, पोरी? डोळे म्हातारे झाले असतील, घरांतच असतात ते."

एवढी मोठी गोष्ट, आणि किंमत एक शब्द. खोटाही नव्हे, भीती तर वाटतच होती. तिने गिरीधरकडे पाहिलं. तो दोरखंडाचं वेटोळं हातात धरून उभा होता.

"तुमचं काय मत?"

"ती पडायची नाहीं, असं मला वाटतं," तो सावकाश म्हणाला. "पण राहायचं तुम्हांला आहे. तुम्ही म्हणाल तें."

बस्स. विनवलं नाही, रागावला नाही. फक्त वेटोळं धरलेली बोटं पांढरी झाली होती.

"मला भीती वाटते," ऊर्मी म्हणाली.

अनंतकृष्णन यांनी लगेच खिशातून फोन काढला. सकवारबाईंनी डोळे मिटले.

"पण पडण्याची नाही. उद्या हे झाड कापलं, तर परवापासून यांच्या तोंडाकडे कसं बघायचं याची. राहू दे झाड."

"अग, मग लग्नाचं काय गे!" सकवारबाई ओरडल्या.

पार्किंगमधल्या सगळ्या माना खांबाकडे वळल्या.

"कोणाचं लग्न?" अनंतकृष्णन यांनी विचारलं.

गिरीधरच्या हातातलं वेटोळं खाली पडलं.

वादळ तिसऱ्या दिवशी दुपारी आलं. ऊर्मीच्या बाल्कनीला काचा होत्या, म्हणून तिला सकवारबाईंच्या घरात बसवलं होतं. गिरीधर गल्लीच्या तोंडाशी अडकला होता, आडव्या फांद्यांपलीकडे. बंद खिडकीच्या फटीतून दोघी अंगणाकडे पाहत होत्या. समोरच्या बंगल्यातला गुलमोहर आधी डुलला आणि मग मुळांसकट, कंपाउंडची भिंत सोबत घेऊन, आडवा झाला. कुणाचा तरी पत्रा गल्लीभर वाजत गेला. आणि बकुळ… बकुळ वाकत होती. जमिनीला विचारून यावं तशी खाली जात होती, आणि परत येत होती. पुन्हा जात होती.

सकवारबाईंच्या हातात जपमाळ होती, ओठ हलत होते. या कशासाठी प्रार्थना करताहेत हे ऊर्मीला ठाऊक होतं. एक झोत पुरेसा होता. कोणाच्याही हाताला पाप न लागता सगळं सुटणार होतं. नको वाटूनही तिने कान दिला.

"धर गे पोरी," सकवारबाई म्हणत होत्या. "धर. पाय रोवून धर. सोडूं नको."

ऊर्मी त्यांच्याकडे पाहतच राहिली.

"काय पाहतेस?" सकवारबाईंनी पदराने डोळे पुसले. "नऊ वर्षें सून आहे ती माझी. एकदांही उलट बोलली नाहीं."

सकाळी गल्ली ओळखू येत नव्हती. खांब वाकडे, गाड्यांवर फांद्या, वीज गुल, फोन बंद. आणि या सगळ्याच्या मध्ये बकुळ उभी होती. बरीच पानं गेली होती, एक फांदी मोडली होती, पण उभी होती. लोक आपापल्या बाल्कन्यांतून तिच्याकडे बघत होते. मग त्यांनी खाली पाहिलं, आणि झाडाबद्दलचं आश्चर्य मागे पडलं. रात्रभर पाऊस कोसळून गेलेल्या त्या सकाळी, चिखलात उभा राहून, गिरीधर झाडाला पाणी घालत होता.

"धक्का बसलाय त्याला," अनंतकृष्णन हळहळले.

"पाऊस थांबल्यावरही वारा होता, तो समुद्रावरचा," गिरीधर वर न बघता म्हणाला. "पानांवर मीठ बसलं आहे. उन्हापूर्वीं धुतलं नाहीं तर उरलेलीं पानें करपतील."

सकवारबाईंनी पुढे होऊन एक पान चाखलं. "खारट आहे," त्यांनी सोसायटीला जाहीर केलं. मग कमरेला हात लावून त्या झाडाकडे, ऊर्मीकडे आणि पुतण्याकडे आळीपाळीने पाहू लागल्या.

"गिरी. मी ठरवलें. ही कापायची नाहीं. दोन सुना असतील, असोत. राजेरजवाड्यांत होत्याच ना?"

"आणि जोशी?" गिरीधरने विचारलं.

"त्यांचा फोन लागत नाहीं. म्हणजे त्यांची हरकत नाहीं." त्यांनी कनवटीची पुरचुंडी सोडली. कापलेल्या दोरातला तो काळवंडलेला मणी चिंचेने घासून लख्ख केलेला होता. "हिला पुन्हां बांधायचं का?"

"नको," गिरीधर म्हणाला. "तिला आतां दोर नको."

"मग मला?" ऊर्मीने विचारलं, आणि आपण हे मोठ्याने बोललो हे कळून तिचे कान तापले. वरच्या बाल्कनीत कुणाची तरी कॉफी सांडली.

गिरीधरने तिच्याकडे पाहिलं. सप्टेंबरपासून पहिल्यांदाच त्याला लपायला पानं पुरेशी नव्हती.

"तुम्हांला… सैल बांधीन," तो म्हणाला. "आणि दरवर्षीं वाढवून देईन."

"म्हणजे मी जाड होणार?"

"नव्हे! म्हणजे… वाढ… चांगली वाढ झाली तर…"

"हो," ऊर्मी म्हणाली.

"हो म्हणजे… जाड?"

"हो म्हणजे हो!"

पहिला मजला टाळ्या वाजवू लागला, दुसऱ्याने त्याचं पाहून सुरुवात केली. सकवारबाई दोन्ही सुनांची दृष्ट काढू लागल्या. फांदीवरून एक चुकार थेंब ऊर्मीच्या भुवईवर पडला आणि तिथेच थांबला. गिरीधर चिखलातून एक पाऊल पुढे आला. आणखी एक. इतका जवळ की त्याच्या शर्टाचा ओल्या सालीचा वास तिला आला. तिने डोळे मिटले. अख्ख्या इमारतीने श्वास रोखला. तो तिच्या कानाशी झुकला, आणि अतिशय हळुवारपणे म्हणाला,

"जरा उजवा पाय उचलतां का? पाइपवर उभ्या आहांत."